शेवटचे पंचवीस फूट

जूनचा पहिला मोठा पाऊस येतो, टीव्हीवर मॅच ऐन रंगात असते, आणि चित्राचे चौकोन चौकोन होत पडदा काळा पडतो. अशा वेळी घरोघरी एकच निदान होतं: उपग्रहाचा सिग्नल गेला. उपग्रह बिचारा आपल्या जागेवरच असतो. तिथून निघालेली लहर ३६ हजार किलोमीटर बिनतक्रार पार करते. ती अडखळते शेवटच्या पाचेक किलोमीटरच्या ढगापावसात. तिथूनही ती तगून आली, तर गच्चीवरच्या छत्रीपासून दिवाणखान्यातल्या बॉक्सपर्यंतच्या पंचवीस-तीस फुटांत तिचा घोळ होतो. पावसावर आपला इलाज नाही. पण या पंचवीस फुटांवर आहे, आणि ते नीट असतील तर पावसाचाही बराचसा त्रास वाचतो.

नवं डीटीएच घेताना लोक पॅकेजवर तासभर घासाघीस करतात आणि पाइप कुठे ठोकायचा हे मात्र डिशवाल्यावर सोडून देतात. माझ्या मते हे नेमकं उलटं व्हायला हवं. पॅकेज एका फोनवर बदलता येतं. कठड्याला पाडलेली भोकं आणि भिंतीतून ओढलेली वायर बदलायला पुन्हा ड्रिल मशिनच लागतं.

तेव्हा सुरुवात आकाशापासून करू. विषुववृत्तावर, जमिनीपासून ३५,७८६ किलोमीटर उंचीवर ठेवलेला उपग्रह पृथ्वीभोवती एक फेरी बरोबर पृथ्वीच्याच गतीने पूर्ण करतो. त्यामुळे आपल्याला तो आकाशात एकाच ठिकाणी खिळल्यासारखा वाटतो. विज्ञानलेखक आर्थर क्लार्क यांनी १९४५ साली या कक्षेचा संदेशवहनासाठी उपयोग करण्याची कल्पना मांडली, आणि घरगुती छत्री शक्य झाली ती यामुळेच. उपग्रह हलत असता तर छत्रीलाही त्याच्यामागे फिरत राहावं लागलं असतं.

प्रत्येक कंपनीचा उपग्रह मात्र वेगळ्या जागी. टाटा प्ले ८३ अंश पूर्व रेखांशावर बघतं, डीटूएच ८८ वर, दूरदर्शनचं फ्री डिश ९३.५ वर, डिश टीव्ही ९५ वर, एअरटेल १०८.२ वर. पुण्याहून हिशोब केला तर ८३ अंशांचा उपग्रह दक्षिणेकडून थोडा पूर्वेला, क्षितिजापासून सुमारे ६६ अंश वर आहे. १०८.२ चा उपग्रह बराच पूर्वेकडे, साधारण ४५ अंशांवर. मुंबई-नाशिक-कोल्हापूरकडे हे आकडे थोडेफार इकडेतिकडे होतात, विदर्भात जरा जास्त. लंडनमध्ये स्काय या कंपनीची छत्री जेमतेम २५ अंशांवर बघते, म्हणून तिकडच्या घरांवर ती जवळजवळ उभी दिसते.

या अंशांचा घराशी थेट संबंध आहे. समोर दहा फूट उंच भिंत असेल, तर ६६ अंशांच्या उपग्रहासाठी भिंतीपासून साडेचार फुटांवर छत्री बसवली तरी भागतं. ४५ अंशांच्या उपग्रहासाठी दहा फूट तरी मागे सरकावं लागतं. म्हणजे गच्चीवर उंच कोन सोयीचा. फ्लॅटच्या बाल्कनीत तोच कोन अडचणीचा, कारण वरच्या मजल्याचा स्लॅब मध्ये येतो. छत्री बाहेर काढून टांगावी लागते आणि मग सोसायटीच्या सेक्रेटरींचं पत्र येतं. गच्चीवर जागा मिळणार नसेल, तर कंपनी निवडण्याआधी बाल्कनी कोणत्या दिशेला उघडते आणि डोक्यावर किती आकाश दिसतं ते बघावं. हा प्रश्न विक्रेता कधीच विचारत नाही.

जागा पारखायची एक फुकटची युक्तीही आहे. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी बाराच्या सुमारास, आणि १ ऑक्टोबरच्या आगेमागे पावणेबाराच्या सुमारास, पुण्यातून पाहिलं तर सूर्य बरोबर ८३ अंशांच्या उपग्रहाच्या पाठीमागे येतो. त्या वेळी जिथे लख्ख ऊन पडतं, तिथे बसवलेल्या छत्रीला उपग्रह दिसणारच. जिथे झाडाची किंवा पाण्याच्या टाकीची सावली पडते, तिथे नाही. दुसऱ्या उपग्रहांसाठी वेळ आणखी अलीकडची. त्याच दिवसांत काही मिनिटं चित्र खराब होतं किंवा जातं, कारण सूर्याचा रेडिओ गोंगाट उपग्रहाच्या कुजबुजीवर मात करतो. त्यासाठी तक्रार नोंदवू नये. चहा ठेवावा, तोवर चित्र परत येतं.

एरवी होकायंत्र वापरावं. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक नगण्य आहे, पण लोखंडी कठडा, सळया किंवा खुद्द छत्रीचा पाइप जवळ असेल तर सुई बिनदिक्कत खोटं बोलते. चार पावलं लांब उभं राहून दिशा घ्यावी.

इथे थोडा इतिहास, कारण आपल्याकडे उपग्रहावरून थेट टीव्ही पहिल्यांदा पाहिला गेला तो शहरांत नव्हे, खेड्यांत. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असं वर्षभर अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत कार्यक्रम पोचवले गेले. 'साइट' नावाचा हा प्रयोग इस्रोने केला आणि त्याचे कार्यक्रम व्यवस्थापक होते मूळचे कोल्हापूरचे शास्त्रज्ञ एकनाथ चिटणीस. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. गावातल्या त्या छत्र्या तीन मीटर व्यासाच्या होत्या आणि त्यांना चक्क कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशी जाळी बसवलेली होती. जाळी चालली, कारण त्या प्रक्षेपणाची लहर फूटभराहून लांब होती. लहरीच्या मानाने भोकं बारीक असली की तिला जाळी आणि पत्रा यांत फरक कळत नाही. आजच्या डीटीएचची लहर अडीच सेंटिमीटरच्या आसपास आहे, म्हणून आताची छत्री सलग पत्र्याची आणि बरीच लहान.

तिथून घरोघरच्या छत्रीपर्यंत यायला तीन दशकं गेली. १९९७ साली सरकारने डीटीएचवर बंदी घातली, २००० मध्ये परवानगी दिली, २००३ मध्ये डिश टीव्ही आलं, २००४ च्या डिसेंबरात दूरदर्शनचं डीडी डायरेक्ट प्लस (तेच आजचं फ्री डिश) आणि २००६ मध्ये टाटा स्काय (तेच आजचं टाटा प्ले). तोवर सगळा कारभार केबलवाल्याच्या हातात होता.

आता छत्री बसवू. घरगुती छत्री साधारण ६० सेंटिमीटरची असते. उपग्रहावरचा एक ट्रान्सपाँडर, म्हणजे चॅनेलं खाली पाठवणारं यंत्र, शे-दीडशे वॉटचा, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या पिवळ्या बल्बएवढा. एवढ्यात त्याला अख्खा देश उजळायचा असतो. आपल्या छत्रीवर त्यातलं पडतं किती? एका वॉटचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातले दोन-तीन. एवढ्याशा भांडवलावर चित्र उभं करायचं, म्हणून नेम महत्त्वाचा. ६० सेंटिमीटरची छत्री जेमतेम तीन अंश रुंदीच्या पट्ट्यातलं बघते. नेम दीड अंशाने चुकला तर हाती येणारी शक्ती निम्मी होते.

दीड अंश म्हणजे किती, ते पाइपापाशी वाकून बघावं. दीड इंची पाइपावर छत्रीचा क्लॅम्प एक अंश फिरवला तर तो जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर सरकतो, म्हणजे पोस्टकार्डाच्या जाडीएवढा. नट आवळताना पाना जरा जोरात फिरला की एवढं अंतर सहज जातं. म्हणून जाणता कारागीर बोल्ट एकदम आवळत नाही. आधी हाताने, मग एकदा डावा, एकदा उजवा, आणि प्रत्येक वेळी सिग्नल मीटरवर नजर. शेवटचा आटा बसल्यावर आकडा खाली आला असेल तर तो सगळं ढिलं करून पुन्हा सुरू करतो. असा माणूस मिळाला तर त्याचा नंबर जपून ठेवावा.

त्याआधी पाइप ओळंब्यात हवा. पाइपच वाकडा असेल तर छत्री डावी-उजवी फिरवताना तिची उंचीही आपोआप बदलत जाते, आणि मग दोन्हीकडून उपग्रह शोधत बसावं लागतं. स्पिरिट लेव्हल नसेल तर दोऱ्याला नट बांधून धरला तरी काम होतं. पाइप ठोकायचा तो आरसीसीत किंवा विटेच्या भक्कम भिंतीत, अँकर फास्टनर घालून. कठड्याच्या वरच्या प्लास्टरमध्ये ठोकलेली छत्री पहिल्या वावटळीत हलते, आणि ती पडत नाही हाच तिचा दोष. पडली असती तर कळलं असतं. ती नुसती दोन अंश फिरते आणि घरचे महिनाभर कंपनीला फोन करत बसतात. पाण्याच्या टाकीच्या पाइपाला किंवा ग्रिलला बांधलेल्या छत्र्यांचंही तेच.

छत्रीच्या पुढे दांड्यावर जे यंत्र बसतं ती एलएनबी. छत्री फक्त आरसा आहे. खरं काम एलएनबीचं. ११-१२ गिगाहर्ट्झची लहर साध्या वायरीतून पाठवली तर चार पावलांत विरून जाईल. म्हणून एलएनबी तिला तिथल्या तिथे मोठं करते आणि खालच्या पट्टीत, ९५० ते २१५० मेगाहर्ट्झमध्ये उतरवते. यासाठी लागणारी वीज तिला बॉक्सकडून त्याच वायरीतून मिळते. गंमत अशी की बॉक्स या विजेतूनच तिला हुकूमही देतो. १३ व्होल्ट दिले तर ती उभ्या ध्रुवणाच्या, म्हणजे उभ्या दिशेत डोलणाऱ्या, लहरी घेते, १८ दिले तर आडव्या. आणि वर २२ किलोहर्ट्झचा सूर मिसळला तर खालच्या पट्ट्याऐवजी वरचा. दोन गुणिले दोन, असे आकाशाचे चार तुकडे. एका वेळी एका वायरीवरून त्यातला एकच तुकडा येतो. हे लक्षात ठेवा, रेकॉर्डिंगच्या वेळी लागणार आहे.

यातून एक निदानही हाती लागतं. अर्धी चॅनेल ठणठणीत आणि अर्धी गायब असं झालं, तर छत्रीला हात लावू नका. बहुधा वाटेत व्होल्टेज गळतंय आणि एलएनबीला १८ चा हुकूम १३ सारखा ऐकू येतोय. दोषी असते ती वायर किंवा तिच्या टोकाची पिन.

वायर आरजी-६ जातीची लागते. बाजारात एकाच नावाखाली बरंच काही मिळतं: कुठे मधली तार तांब्याची, कुठे पोलादावर तांब्याचा मुलामा, कुठे जाळी दाट, कुठे नावापुरती. चांगल्या वायरीतही शंभर फुटांत पाऊण सिग्नल जिरतो. म्हणून वळसे घालून आणलेली लांब वायर आणि मध्येच टेपने गुंडाळलेला जोड या दोन्ही गोष्टी टाळाव्यात. जोड द्यावाच लागला तर रीतसर जॉइंटर वापरावा. आणि जुन्या केबल टीव्हीचा स्प्लिटर या वायरीत घालून दोन खोल्यांत दोन बॉक्स चालवायचा विचार तर मनातही आणू नये. दोन बॉक्स एकाच एलएनबीला दोन वेगळे हुकूम देऊ लागले की दोघांचंही चालत नाही.

पिन लावायचं काम हातभर अंतरावरून बघण्यासारखं असतं. वरचं काळं कवच अर्धा-पाऊण इंच सोलायचं, जाळी मागे उलटवायची, आतलं पांढरं आवरण कापून मधली तार पिनच्या तोंडाबाहेर दोनेक मिलिमीटर राहील एवढी ठेवायची. जाळीचा केसाएवढा एक तंतू जरी मधल्या तारेला टेकला तरी शॉर्ट होतो आणि बॉक्स एलएनबीची वीज तोडतो. गच्चीवर उघड्यात असलेल्या पिनेवर रबरी टोपी किंवा स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप हवी. साधी काळी टेप एका उन्हाळ्यात सुटते. वायर एलएनबीपासून थेट भिंतीतल्या भोकाकडे न नेता आधी खाली झोळ देऊन मग वर घ्यावी, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळातून टपकतं, घरात शिरत नाही. भोकही बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं पाडावं. वळवाच्या दिवसांत कडकडाट सुरू झाला की बॉक्सचा प्लग आणि ही पिन दोन्ही काढून ठेवावीत, आणि पाइपाला अर्थिंग द्यावं.

एवढं सगळं झालं की टीव्हीवर चित्र येतं आणि बहुतेक ठिकाणी काम तिथेच संपतं. माझा आक्षेप नेमका इथे आहे. पूर्वीच्या टीव्हीवर सिग्नल कमी झाला की मुंग्या यायच्या. त्या वाढत गेल्या की अँटेना फिरवायची वेळ झाली हे कळायचं. डिजिटल चित्रात तसं नसतं. आलेल्या आकड्यांत थोड्याफार चुका असल्या तरी बॉक्स त्या गणिताने दुरुस्त करतो आणि चित्र निर्मळ दाखवतो. चुका दुरुस्तीपलीकडे गेल्या की चौकोन, आणि लगेच काळोख. मधली पायरी जवळजवळ नाहीच. त्यामुळे निरभ्र दुपारी साधारण नेम असलेली छत्री आणि अचूक नेम असलेली छत्री, दोघींचं चित्र अगदी सारखं दिसतं. फरक कळतो जूनमध्ये. पावसाचे थेंब काही मिलिमीटरचे आणि लहर अडीच सेंटिमीटरची; आकार इतके जवळ आले की थेंब लहरीला शोषतात आणि विखुरतात. अचूक छत्रीकडे त्या नुकसानीसाठी शिल्लक असते, दुसरीकडे नसते. केबलवाल्याच्या आठ-दहा फुटी छत्र्या सी बँडवर, साडेसात सेंटिमीटरच्या लहरीवर चालायच्या. मुसळधार पावसातही केबल चालू आणि शेजारचं डीटीएच बंद, हे कोकणात अनेकांनी पाहिलं असेल. त्याचं कारण हेच.

तेव्हा डिशवाला जिना उतरण्याआधी बॉक्सच्या मेन्यूत जाऊन सिग्नलचं पान उघडायला सांगावं. तिथे दोन पट्ट्या असतात: स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. स्ट्रेंग्थ म्हणजे वायरीतून किती काय येतंय, त्यात गोंगाटही धरलेला. चुकीच्या उपग्रहाकडे बघणारी छत्रीही ती भरपूर दाखवते. बघायची ती क्वालिटी. ती आणखी वर जाते का यासाठी छत्री केसभर इकडे-तिकडे करून बघायला लावावी, आणि एलएनबीही तिच्या पकडीत थोडी पिळून बघायला लावावी, कारण ध्रुवण जुळलं नाही तर तिथेही बरीच शक्ती वाया जाते. दहा मिनिटांचं काम आहे. त्या माणसाला पुढची चार घरं असतात हे खरं. पण चहा विचारला की दहा मिनिटं मिळतात. कोकणपट्टीत आणि घाटमाथ्यावर ९० सेंटिमीटरची छत्री मिळत असेल तर जरूर घ्यावी. क्षेत्रफळ सव्वादोनपट, म्हणजे हाती येणारी शक्तीही तेवढीच जास्त. फक्त तिचा नेम आणखी काटेकोर लागतो आणि वाराही तिला जास्त धरतो.

बॉक्सचं काम उलगडून दाखवायचं तर एका नेहमीच्या तक्रारीपासून सुरुवात करावी लागेल: रिचार्ज मारला, पैसे कापले गेले, तरी चॅनेल दिसत नाही. उपग्रहावरून येणारी सगळी चॅनेल सगळ्यांच्या छत्रीत पडतात, पैसे भरलेल्यांच्याही आणि न भरलेल्यांच्याही. ती कुलूपबंद असतात आणि कुलपाची किल्ली काही सेकंदांनी बदलत राहते. नवी किल्लीही त्याच प्रवाहातून, पण गुप्त रूपात येते. ती उलगडायचं सामर्थ्य बॉक्समधल्या कार्डात किंवा चिपमध्ये असतं. हक्काची नोंद मात्र कंपनीकडून यावी लागते. आणि छत्री फक्त ऐकते, बोलत नाही. तुमचा बॉक्स चालू आहे की नाही हे कंपनीला कळायला मार्ग नाही. म्हणून ती गावात दवंडी पिटावी तसं आकाशातून सगळ्यांना ऐकू जाईल असं पुकारते: अमुक नंबरचा बॉक्स, तमुक चॅनेलं खुली. लाखो बॉक्स ऐकतात आणि ज्याचा नंबर तोच ऐकून घेतो. त्या वेळी तुमचा बॉक्स भिंतीवरच्या बटणापासून बंद असेल तर पुकारा हुकतो. काही वेळाने तो पुन्हा होतो, पण बॉक्स ऐकायला हवा. तेव्हा रिचार्ज केल्यावर बॉक्स चालू ठेवून दहा-पंधरा मिनिटं एखाद्या चॅनेलवर राहू द्यावा, मग वाटलं तर फोन करावा.

आता रेकॉर्डिंग. व्हीसीआर घरात आला तेव्हापासून 'नंतर बघू' ही सोय माणसाला हवीच होती. अमेरिकेत चित्रपट स्टुडिओंनी व्हीसीआर बनवणाऱ्या सोनीला कोर्टात खेचलं आणि १९८४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने घरी, स्वतःपुरतं, नंतर बघण्यासाठी केलेलं रेकॉर्डिंग ग्राह्य मानलं. १९९९ मध्ये टिवो या कंपनीने कॅसेटच्या जागी हार्ड डिस्क आणली, २००१ मध्ये ब्रिटनमध्ये स्काय प्लस आलं आणि २००८ मध्ये आपल्याकडे टाटा स्काय प्लस.

डीटीएच बॉक्सला रेकॉर्डिंग सोपं जातं, कारण चित्र आधीच आकड्यांत आणि आधीच दाबलेलं येतं. बॉक्स ते उलगडून पुन्हा गुंडाळत बसत नाही, आलेला प्रवाह जसाच्या तसा डिस्कवर उतरवतो. म्हणून रेकॉर्डिंग मुळाइतकंच सुबक दिसतं. साध्या चॅनेलला सेकंदाला २ मेगाबिट धरले तर तासाला ९०० मेगाबाइट लागतात. एचडीला ८ मेगाबिट धरले तर ३.६ गिगाबाइट. ५०० गिगाबाइटच्या डिस्कवर एचडीचे सुमारे १४० तास मावतात, साध्याचे त्याच्या चौपट. चालू कार्यक्रम थांबवून ठेवता येतो तोही याच डिस्कच्या जोरावर. तुम्ही बघत असता तेव्हा बॉक्स सतत लिहीत असतो आणि तुम्ही बटण दाबलं की फक्त वाचायची जागा मागे राहते. अर्थात डिस्कला विश्रांती नाही. असा बॉक्स गरम होतो. त्याच्यावर क्रोशाचा रुमाल आणि त्यावर गणपतीची मूर्ती ठेवून वारा बंद करू नये.

आठ वाजता आईची मालिका आणि त्याच वेळी मॅच, हे खरं तर रेकॉर्डरचं मूळ कारण. एक बघायचं आणि दुसरं नोंदवायचं तर बॉक्समध्ये दोन ट्यूनर हवेत, आणि इथे ती चार तुकड्यांची गोष्ट आडवी येते. एका वायरीतून आकाशाचा एकच तुकडा येतो. मालिका उभ्या ध्रुवणावर आणि मॅच आडव्यावर असेल तर एक वायर दोघांना पुरत नाही. म्हणून दोन तोंडांची एलएनबी आणि छत्रीपासून बॉक्सपर्यंत दोन स्वतंत्र वायरी लागतात. बॉक्सच्या मागे सिग्नलच्या दोन जागा असून एकीतच वायर खोचलेली असेल, तर 'दुसरं चॅनेल रेकॉर्ड होत नाही' ही तक्रार बॉक्सची नाही. एकाच वायरीवर अनेक ट्यूनर चालवणाऱ्या एलएनबीही आहेत, पण त्या आणि बॉक्स दोघांना ती पद्धत ठाऊक असावी लागते. घर नव्याने रंगवत असाल किंवा फर्निचर करून घेत असाल, तर भिंतीतल्या नळीतून आत्ताच दोन वायरी ओढून ठेवा, दुसरी लागो न लागो.

रेकॉर्डरचा मोठा तोटा लोकांना फार उशिरा कळतो. पैसे देऊन बघायच्या चॅनेलचं रेकॉर्डिंग डिस्कवर कुलूपबंदच राहतं आणि त्याची किल्ली त्याच बॉक्सकडे असते. डिस्क काढून संगणकाला लावली तर हाती काही येत नाही. बॉक्स जळाला, कंपनी बदलली, काही ठिकाणी वर्गणी थांबली, तरी सगळं गेलं. मुलगी गाण्याच्या स्पर्धेत झळकली, आजोबांची मुलाखत झाली, असं काही असेल तर ते बॉक्सच्या भरवशावर ठेवू नका. जुन्या बॉक्सना मागे पिवळी-लाल-पांढरी अशा तीन पिनांची जागा असते. तिथून एका स्वस्त कॅप्चर कार्डमधून संगणकावर उतरवून घ्या. एचडी मिळणार नाही, पण राहील. आपल्या कॉपीराइट कायद्यात खासगी वापरासाठी रास्त मुभा आहे. विकणं किंवा यूट्यूबवर चढवणं हा वेगळा मामला.

आता बऱ्याच बॉक्सच्या पोटात डिस्क नसते. यूएसबीला स्वतःची डिस्क किंवा पेनड्राइव्ह लावायचा असतो. लावताच बॉक्स तो स्वतःच्या पद्धतीने फॉरमॅट करायला सांगतो, आणि तेव्हा त्यावर लग्नाचे फोटो असले तर ते गेले. रेकॉर्डिंगसाठी वेगळीच डिस्क ठेवावी.

पैशांचं थोडक्यात. १ फेब्रुवारी २०१९ पासून दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमाने चॅनेलं सुटी निवडायची मुभा मिळाली. पहिल्या १०० चॅनेलांच्या जाळ्याचं भाडं १३० रुपये अधिक कर, असं कमाल ठरलं. पुढे त्याच रकमेत २०० चॅनेलं आली आणि २०२४ मध्ये या भाड्यावरची मर्यादाच उठली. सुटी चॅनेलं निवडली तर बहुतेक मराठी घरांचं बिल कमी होतं असा माझा अनुभव आहे, पण यादी करायचा कंटाळा आपल्याला महागात पडतो. ओटीटीमुळे डीटीएचची गिऱ्हाइकं घटत चालली आहेत हेही खरं. तरी सामन्याच्या रात्री अख्ख्या गल्लीत षटकार आधी छत्रीवाल्याच्याच घरात ऐकू येतो. उपग्रहापर्यंत जाऊन परत यायला लहरीला पाव सेकंद लागतो. मोबाइलवरचं थेट प्रक्षेपण तुकडे करून साठवत साठवत येतं, त्यामुळे बरंच मागे राहतं.

आणि ज्यांनी डीटीएच सोडलं त्यांची छत्री गच्चीवर तशीच गंजत असते. ती फेकू नये. बॉक्स कंपनीला बांधलेला असतो. पत्रा आणि एलएनबी सहसा कोणाच्याही कामाला येतात. पुण्यात ८३ अंशांकडे बघणारी छत्री साधारण २१ अंश पूर्वेकडे फिरवली, ७ अंश खाली उतरवली आणि एलएनबी थोडी पिळली की ती फ्री डिशकडे बघू लागते. महिन्याची वर्गणी नाही, सह्याद्री वाहिनी आहेच, आणि बाजारातल्या साध्या बॉक्सला पेनड्राइव्ह लावला तर बिनकुलपी चॅनेलांचं रेकॉर्डिंग सरळ फाइल म्हणून मिळतं, कुठल्याही संगणकावर चालणारं. मात्र नट आवळताना मीटरवर लक्ष ठेवा.